एका बाजूला बावीस मिनिटं

मोबाइलवर कुठल्याही गायकाचा नवा अल्बम उघडून बघा. बहुतेक वेळा त्यात दहा-बारा गाणी असतात. एकेक गाणं साडेतीन-चार मिनिटांचं आणि सगळ्यांची बेरीज चाळीस-पंचेचाळीस मिनिटांच्या आसपास. आता मोबाइलला तर असलं काही बंधन नाही. कुणी तीन तासांचं एकच गाणं चढवलं तरी तो ते निमूटपणे वाजवेल, आणि अर्ध्या मिनिटाचं चढवलं तरी वाजवेल. मग गाणाऱ्यांनी आपणहून हे माप का पाळावं? शिवाय हे माप मराठी भावगीताला, हिंदी सिनेमाच्या गाण्याला आणि अमेरिकेतल्या रॉक गायकाला एकसारखंच कसं लागू पडतं?

याचं उत्तर संगीतशास्त्रात सापडत नाही. ते सापडतं तीस सेंटिमीटर व्यासाच्या एका काळ्या तबकडीत, तिच्या अंगावर कोरलेल्या बारीक खाचेत आणि त्या खाचेच्या साध्या गुणाकार-भागाकारात. ते गणित समजलं, की 'गीतरामायणा'ला दहा तबकड्या का लागल्या आणि बॉब डिलनने एका गाण्याला अख्खी बाजू का दिली, या दोन्ही प्रश्नांची उकल एकाच वाटेने होते.

खाचेत आवाज बसतो कसा?

आवाज म्हणजे हवेच्या दाबातले भराभर होणारे चढउतार. तबल्यावर थाप पडली की चामडं थरथरतं, त्याच्याजवळची हवा दाबली जाते, सैल होते, पुन्हा दाबली जाते. हे चढउतार कानाच्या पडद्यापर्यंत पोचले की आपल्याला थाप ऐकू येते. सेकंदाला होणारे चढउतार जितके जास्त, तितका स्वर उंच. चढउतार जितका मोठा, तितका आवाज मोठा.

ध्वनिमुद्रण करताना हेच चढउतार एका फिरत्या तबकडीवर वळणांच्या रूपाने कोरले जातात. तबकडीच्या एका बाजूवर किती खाचा असतात, असं विचारलं तर बहुतेक जण 'शेकडो' म्हणतील. खरं तर खाच एकच असते. ती बाहेरच्या कडेला सुरू होते आणि गोल फिरत फिरत मधल्या कागदी लेबलापाशी संपते. सूक्ष्मदर्शकाखाली ही खाच सरळ दिसत नाही, डावी-उजवीकडे नागमोडी गेलेली दिसते. ती नागमोड म्हणजेच आवाज.

जुन्या चावीच्या फोनोत पिन या खाचेतून जाताना वळणांबरोबर थरथरते. पिनेला जोडलेली अभ्रकाची किंवा ॲल्युमिनियमची पातळ चकती त्याच तालात हलते, तिच्यासमोरची हवा हलते आणि कर्ण्यातून गाणं बाहेर पडतं. या सगळ्यात विजेचा संबंध कुठेच येत नाही. फिरण्याची ताकद चावीने आवळलेल्या स्प्रिंगची, आवाजाची ताकद खाचेची. नंतरच्या विजेवर चालणाऱ्या रेकॉर्ड प्लेअरमध्ये पिनेची थरथर चुंबक आणि तारेच्या वेटोळ्यामार्फत विजेत बदलते. ही वीज अगदीच नाममात्र, काही हजारांश व्होल्ट असते. ती वाढवायला ॲम्प्लिफायर लागतो.

पुढे स्टिरिओ आला, तरी खाच एकच राहिली. खाचेच्या दोन भिंती एकमेकींना काटकोनात असतात. एका भिंतीवर डाव्या स्पीकरचा आवाज आणि दुसरीवर उजव्याचा, अशी वाटणी केली की एकच पिन दोन्ही वाचते. ही युक्ती ब्रिटिश अभियंता ॲलन ब्लूमलाइन याने १९३१ मध्ये पेटंटात मांडली होती. ती बाजारात यायला १९५८ साल उजाडलं.

लाखेच्या तबकडीवरची तीन मिनिटं

सुरुवातीच्या तबकड्या प्लास्टिकच्या नव्हत्या, लाखेच्या होत्या. पळस, बोर, कुसुम अशा झाडांवर राहणारा किडा जो चिकट पदार्थ सोडतो, ती लाख. जगाला लागणाऱ्या लाखेचा मोठा वाटा हिंदुस्थानातून जायचा. तिच्यात दगडाची बारीक पूड आणि काजळी मिसळून, तापवून, साच्यात दाबून तबकडी तयार व्हायची. १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गैसबर्गने कलकत्त्यात गौहर जानचं गाणं मुद्रित केलं, तेव्हा तबकड्या छापायला जर्मनीत पाठवाव्या लागत. १९०८ मध्ये कलकत्त्याच्या सियालदह भागात ग्रामोफोन कंपनीचा कारखाना सुरू झाला आणि हे काम इथेच होऊ लागलं.

दगडाची पूड मुद्दामच घातलेली असे. जड पिनेखाली तबकडी झिजू नये आणि पोलादी पिनच घासून खाचेच्या आकाराची व्हावी, हा त्यामागचा हेतू. म्हणून तर एक बाजू वाजवून झाली की पिन बदलायची रीत होती. पण याची किंमत दोन प्रकारे मोजावी लागे. एक, पूड खरखरीत असल्याने गाण्यामागे सतत खरखर ऐकू येई. दोन, खाच बारीक कोरता येत नसे. खाच जाड, म्हणून एका फेऱ्याला जागा जास्त. त्यातच तबकडी मिनिटाला ७८ फेरे घ्यायची. दहा इंची तबकडीची एक बाजू सुमारे तीन मिनिटांत संपून जायची.

आपल्या गाण्याचं माप इथे ठरलं. रंगभूमीवर बालगंधर्व एकच पद 'वन्स मोअर' घेत कितीही वेळ रंगवत. तबकडीसाठी मात्र तेच पद तीन मिनिटांत बसवावं लागे. ज्या गाण्यांना रंगभूमीची सवयच नव्हती, ती तर थेट याच मापात जन्मली. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला ग. ना. जोशींनी मेहकरच्या ना. घ. देशपांडे यांची 'शीळ' ही कविता तबकडीवर गायली. मराठी भावगीताची सुरुवात अनेक जण तिथून मानतात. पुढे जोशी स्वतः एचएमव्हीत मुद्रणाचं काम पाहू लागले. मुखडा, दोन-तीन अंतरे, मधे वाद्यांचा छोटा तुकडा, ही भावगीताची घडण तीन मिनिटांच्या बाजूवर नेमकी बसते. तो निव्वळ योगायोग नव्हे.

इंग्लंड-अमेरिकेत लाखेची तबकडी १९५० च्या दशकात मागे पडली. आपल्याकडे मात्र ती आणखी बरीच वर्षं टिकली. बीटल्सची काही गाणी भारतात ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवर निघाली होती आणि आज परदेशी संग्राहक त्यांच्यासाठी बरेच पैसे मोजतात. यामागचं कारण साधं आहे. मराठवाड्यातल्या बहुतेक गावांत वीज पोचायला साठ-सत्तरचं दशक उजाडलं. विजेशिवाय वाजणारं यंत्र म्हणजे मुख्यतः चावीचा फोनो, आणि त्याची जड पिन फक्त लाखेची तबकडीच सोसू शकत होती.

तिनाचे बावीस कसे झाले?

२१ जून १९४८ रोजी न्यू यॉर्कमध्ये कोलंबिया कंपनीने नवी तबकडी लोकांपुढे आणली. नाव लाँग प्ले, म्हणजेच आपली एलपी. तिच्या एका बाजूवर वीस मिनिटांहून जास्त संगीत मावत होतं. तीन मिनिटांवरून एकदम इतकी मोठी उडी कशी शक्य झाली? एकच मोठा शोध लागला असं झालं नाही. तीन छोट्या सुधारणांचा गुणाकार झाला.

पहिली सुधारणा गतीची. ७८ ऐवजी मिनिटाला ३३ पूर्णांक एक तृतीयांश फेरे. हा विचित्र आकडा सिनेमातून आला होता. १९२६ च्या सुमारास बोलपटांचा आवाज वेगळ्या, मोठ्या तबकडीवर असायचा आणि फिल्मचं एक रीळ सुमारे अकरा मिनिटं चालायचं. तबकडी तितका वेळ पुरावी म्हणून ही गती निवडली होती. एलपीने ती तयार गती उचलली. ७८ ला ३३.३३ ने भागलं की येतात २.३४. म्हणजे तेवढ्याच फेऱ्यांत २.३४ पट वेळ.

दुसरी सुधारणा खाचेची. लाखेऐवजी व्हिनाइल नावाचं प्लास्टिक आलं. त्यात दगडाची पूड नाही, पृष्ठभाग गुळगुळीत, म्हणून खाच कितीतरी बारीक कोरता येते. पिनही हलकी आणि टोकदार झाली. लाखेच्या तबकडीवर एका फेऱ्याला साधारण ०.३० मिलिमीटर जागा लागायची, एलपीवर ०.१२ मिलिमीटर पुरली. म्हणजे अडीच पट फायदा.

तिसरी सुधारणा आकाराची. दहा इंचांऐवजी बारा इंच व्यास. त्यामुळे खाच कोरायला मिळणारा पट्टा साधारण ७ सेंटिमीटरवरून ८.६ सेंटिमीटर झाला. म्हणजे १.२३ पट.

आता गुणाकार करू. ३ मिनिटं गुणिले २.३४, गुणिले २.५, गुणिले १.२३. उत्तर येतं साडेएकवीसच्या थोडं पुढे. हीच ती बावीस मिनिटांची बाजू. दोन्ही बाजू मिळून चव्वेचाळीस. मोबाइलवरच्या अल्बमचं माप इथून आलं.

आणखी एक आकडा सांगण्याजोगा आहे. बावीस मिनिटांत तबकडी सुमारे ७३३ फेरे घेते. एका फेऱ्याची सरासरी लांबी ६५ सेंटिमीटर धरली तर पूर्ण खाच भरते पावणेपाचशे मीटर, म्हणजे जवळपास अर्धा किलोमीटर. पिन एवढं अंतर प्रत्येक वेळी तोल न सोडता चालून जाते.

मोठा आवाज जागा खातो

एलपीवर किती वेळ मावेल, हे मात्र कायमचं ठरलेलं नसतं. गाणं कसं आहे, त्यावर ते अवलंबून असतं.

जालना जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला हे एका वाक्यात पटेल. एकाच एकरात गहू पेरायचा तर दोन ओळींत नऊ इंच पुरतात, मोसंबी लावायची तर दोन झाडांत अठरा-वीस फूट सोडावे लागतात. झाड जितकं पसरणार, तितकं अंतर जास्त आणि ओळी कमी. खाचेचंही तसंच. मंद आवाजाची नागमोड अरुंद असते, म्हणून शेजारचा फेरा अगदी जवळ घेता येतो. दणदणीत आवाजाची नागमोड रुंद पसरते. फेरे जवळ ठेवले तर एकाची भिंत दुसऱ्यात घुसेल आणि पिन उडी मारून भलत्याच ओळीत जाईल. म्हणून फेरे लांब लांब कोरावे लागतात आणि बाजू लवकर संपते.

सगळ्यात जास्त जागा खातात खर्जातले आवाज: बेस गिटार, मोठा ड्रम, तबल्याचा डग्गा. त्यांची नागमोड फार रुंद जाते. यावर उपाय म्हणून कोरताना खर्जाचे स्वर मुद्दाम दाबले जातात आणि तारस्वर उचलले जातात. वाजवताना ॲम्प्लिफायर याच्या बरोबर उलट करतो, खर्ज उचलतो आणि तारस्वर दाबतो. दोन्ही चुका एकमेकींना खोडतात आणि ऐकणाऱ्याला मूळ गाणं मिळतं. तारस्वर दाबताना तबकडीची खरखरही दाबली जाते, हा वरचा लाभ. पूर्वी प्रत्येक कंपनीचं हे प्रमाण वेगळं असे. १९५४ च्या सुमारास अमेरिकेतल्या कंपन्यांच्या संघटनेने एकच प्रमाण ठरवलं आणि हळूहळू ते जगभर लागू झालं. जुन्या रेकॉर्ड प्लेअरला साधा स्पीकर जोडला की आवाज पातळ आणि किनरा येतो, त्याचं कारण हेच. उलट दुरुस्ती करणारं साधन मधे नसतं.

कोरणाऱ्या यंत्रालाही पुढची चाहूल द्यावी लागते. टेपवरचं गाणं कोरणीपर्यंत पोचण्याआधी, साधारण एका फेऱ्याइतकं आधी, दुसऱ्या एका हेडवरून जातं. पुढे दणका येतोय असं त्या हेडने सांगितलं की यंत्र फेऱ्यांमधलं अंतर वाढवतं, शांत जागा आली की कमी करतं. हे डोळ्यांनाही दिसतं. एलपी खिडकीच्या उजेडात तिरकी धरा. काही पट्टे गडद आणि एकसारखे दिसतील, काही रुपेरी आणि खडबडीत. गाणं न वाजवता सांगता येईल की आलापी कुठे आहे आणि वाद्यांचा गदारोळ कुठे.

तेव्हा तबकडी भरताना दोनच रस्ते असत. वेळ जास्त हवा तर आवाज कमी ठेवायचा, आवाज भरघोस हवा तर गाणी कमी करायची. तीस मिनिटांची बाजूही कोरता येते, पण ती शेजारच्या तबकडीपेक्षा दबकी वाजते.

आतल्या कडेची अडचण

तबकडीची गती ठरलेली, पण खाचेची गती मात्र बदलत राहते. बाहेरच्या कडेला एक फेरा मोठा असतो, आतल्या कडेला छोटा, आणि दोन्ही एकाच वेळात पूर्ण करायचे असतात. हिशेब केला तर पिनेखालून खाच सुरुवातीला सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर सरकते. लेबलाजवळ हाच वेग २१ सेंटिमीटरवर येतो.

याचा परिणाम तारस्वरांवर होतो. सेकंदाला दहा हजार कंपनं असलेला स्वर, म्हणजे झांजेची चमक किंवा 'स' उच्चारताना होणारा सुस्कारा. बाहेरच्या कडेला त्याचं एक कंपन ०.०५ मिलिमीटर लांबीत कोरलेलं असतं. आतल्या कडेला तेच ०.०२ मिलिमीटरमध्ये कोंबावं लागतं. पिनेच्या गोल टोकाची त्रिज्याच साधारण तेवढी. वळण पिनेपेक्षा बारीक झालं की ती ते नीट वाचू शकत नाही. सुस्कारा फाटका येतो, झांज विटते.

म्हणून एलपीवर गाण्यांचा क्रम लावताना एक अलिखित नियम असे. जोरदार गाणं बाजूच्या सुरुवातीला, शांत गाणं शेवटाला. एलपीला दोन बाजू, म्हणून दोन सुरुवाती आणि दोन शेवट. मधे ऐकणाऱ्याला उठून तबकडी उलटवावी लागते, तो सक्तीचा मध्यंतर. नियम मोडणारेही होते, पण तो आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. आजही बऱ्याच अल्बमांचं पहिलं गाणं धडाक्याचं आणि शेवटचं संथ असतं. त्यामागे श्रोत्याचा स्वभाव आहेच, पण काही वाटा या आतल्या कडेचाही आहे.

छप्पन्न गाणी, वीस बाजू

मराठीत या गणिताचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे 'गीतरामायण'. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला, आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून त्याचं पहिलं गीत गेलं. ग. दि. माडगूळकरांनी लिहायचं आणि सुधीर फडक्यांनी चाल लावायची, असं वर्षभर दर आठवड्याला एक गीत. त्या वर्षी अधिक महिना आल्याने संख्या छप्पन्नवर गेली. माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, लता मंगेशकर असे अनेक आवाज त्यात होते.

रेडिओला बाजू उलटवायची नसते. म्हणून या गीतांनी तीन मिनिटांची मर्यादा कधी पाळलीच नाही. कथा सांगायची तर कडवी वाढणार. बरीच गीतं पाच मिनिटांच्या पुढे गेली. आता ही लाखेच्या तबकडीवर आणायची कल्पना करा. एकेक गीत दोन-तीन बाजूंवर तोडावं लागलं असतं. पूर्ण संच सात तासांचा धरला, तर तीन मिनिटांच्या एकशे चाळीस बाजू, म्हणजे सत्तर तबकड्या. एका तबकडीचं वजन दोनशे ग्रॅम धरलं तरी चौदा किलोचं ओझं.

१९६५ मध्ये एचएमव्हीने फडक्यांच्या आवाजातलं 'गीतरामायण' काढलं, ते दहा एलपींवर. दहा तबकड्या म्हणजे वीस बाजू. छप्पन्न गीतांना वीसने भागलं तर बाजूला जेमतेम तीन गीतं येतात. बावीस मिनिटांत तीन गीतं, म्हणजे एका गीताला सात-आठ मिनिटं. न तोडता, कडवी न गाळता गीत सांगायला एवढी जागा पुरते. मुळात रेडिओसाठी रचलेली, ज्याने चाल लावली त्याच्याच आवाजात सलग ऐकता येणारी ही माळ घराघरांत गेली ती एलपीमुळे.

शास्त्रीय गाण्याला तर या बावीस मिनिटांनी मोठाच आधार दिला. लाखेच्या तबकडीवर अब्दुल करीम खाँसाहेबांनाही राग तीन मिनिटांत आटोपावा लागे. एलपीवर एका बाजूला एक राग, विलंबित आणि द्रुत दोन्हींसह, मांडता येऊ लागला. किशोरी आमोणकरांच्या एका गाजलेल्या तबकडीवर एका बाजूला भूप आणि दुसऱ्या बाजूला बागेश्री आहे. मैफलीतला तासाभराचा विस्तार त्यात येत नाही, पण रागाचा चेहरा पुरेसा दिसतो. साथीदारालाही याचा लाभ झाला. जालन्याकडून पुण्यात येऊन स्थिरावलेले हार्मोनियमवादक अप्पा जळगावकर यांनी भीमसेन जोशी, किशोरी आमोणकर, वसंतराव देशपांडे यांच्यासारख्यांना साथ केली. गायकाच्या तानेमागून जाणारी, रिकामी जागा हेरून भरणारी अशी हार्मोनियम तीन मिनिटांत ऐकू येणं अवघड. गाणं श्वास घेऊ लागलं, तेव्हा साथही ऐकू येऊ लागली.

रॉक गायकाने घेतलेली अख्खी बाजू

तिकडे अमेरिकेत रॉक संगीत वाढलं ते ४५ फेऱ्यांच्या सात इंची छोट्या तबकडीवर. ही तबकडी आरसीए कंपनीने १९४९ मध्ये एलपीच्या स्पर्धेत आणली होती. एका बाजूला एक गाणं, तीन-साडेतीन मिनिटांचं. रेडिओवाल्यांनाही तेवढंच हवं असे. एलपी म्हणजे अशा सुट्या गाण्यांची गोळाबेरीज, असाच सुरुवातीला समज होता.

स्वतः लिहून, स्वतः चाल लावून, स्वतः गाणाऱ्यांनी हा समज बदलला. त्यात बॉब डिलनचं नाव आधी घ्यावं लागतं. १९६५ मध्ये त्याचं 'लाइक अ रोलिंग स्टोन' सहा मिनिटांहून मोठं निघालं. रेडिओ केंद्रांना पाठवलेल्या काही प्रतींवर ते दोन बाजूंना तोडून दिलं होतं. श्रोते पूर्ण गाणं मागू लागले, तेव्हा केंद्रांना ते सलग वाजवावं लागलं. पुढच्याच वर्षी, १९६६ मध्ये, त्याचा 'ब्लाँड ऑन ब्लाँड' हा दोन तबकड्यांचा अल्बम आला. त्याचा बराचसा भाग नॅशव्हिलच्या स्टुडिओत मुद्रित झाला होता. चार बाजूंपैकी चौथ्या बाजूवर एकच गाणं आहे, अकरा मिनिटांच्या थोडं पुढे जाणारं. बाजूची निम्मी क्षमता वापरलीच नाही. गहू पेरता आला असता तिथे एकच झाड लावून मोकळं आवार ठेवलं. फेरे ऐसपैस कोरता आले, आतल्या कडेपर्यंत जायची गरज उरली नाही आणि मुख्य म्हणजे त्या गाण्याच्या आधी-नंतर दुसरं काहीच नाही. लिहिणारा आणि गाणारा एकच असला की 'एवढी जागा या गाण्याची' असं तो ठरवू शकतो, ते असं. याच गीतलेखनासाठी डिलनला २०१६ मध्ये साहित्याचं नोबेल मिळालं.

एलपीची जागा पाहून कुणाला नाटकही सुचलं. अँड्रू लॉइड वेबर आणि टिम राइस यांचं 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार' रंगमंचावर येण्याआधी १९७० मध्ये दोन तबकड्यांच्या अल्बमच्या रूपात आलं. लोकांनी ते आधी ऐकलं आणि मग पाहिलं. मुंबईत ॲलेक पदमसी यांनी ते रंगमंचावर आणलं, तेव्हा त्यात जूडासची भूमिका नंदू भेंडे यांनी गायली. आत्माराम आणि आशा भेंडे यांचा हा मुलगा मुंबईच्या रॉक बँडांतून गाणारा होता. पुढे पु. ल. देशपांडे यांच्या 'तीन पैशाचा तमाशा'मध्ये त्यांचा तोच रॉकचा आवाज मराठी रंगभूमीवर ऐकू आला.

साचा महाग, तबकडी स्वस्त

मग आपल्याकडच्या रॉक गायकांच्या एलपी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच का? एक मोठं कारण तबकडी तयार करण्याच्या पद्धतीत आहे.

आधी ॲल्युमिनियमच्या चकतीवर मऊ लेप चढवून त्यावर खाच कोरतात. मग तिच्यावर चांदीचा पातळ थर देऊन विजेच्या साहाय्याने निकेल चढवतात. निकेल सोलून काढलं की उलटा साचा मिळतो, खाचेच्या जागी उंचवटा. त्यावरून सुलटी प्रत घेतात आणि तिच्यावरून पुन्हा उलटे, छापायचे साचे तयार होतात. दोन साच्यांमध्ये व्हिनाइलचा गरम गोळा ठेवून दाबला की अर्ध्या-पाऊण मिनिटात सव्वाशे-दीडशे ग्रॅमची तबकडी तयार. एका साच्यातून साधारण हजारभर तबकड्या चांगल्या निघतात. मग नवा साचा.

यात एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. कोरणं आणि साचे करणं यांचा खर्च तबकड्या शंभर काढा की लाख, सुरुवातीला करावाच लागतो. सिनेमाची गाणी लाखांनी खपत, तिथे तो खर्च सहज वाटला जाई. इंग्रजी गाणाऱ्या मुंबई-कलकत्त्याच्या बँडला श्रोतेच मोजके, म्हणून कंपन्या हात आखडता घेत. १९७० आणि १९७१ मध्ये 'सिमला बीट' या स्पर्धेतल्या बँडांच्या एलपी निघाल्या, त्या सिगारेट कंपनीच्या जाहिरातीचा भाग म्हणून. त्यातही एका बँडच्या वाट्याला एखाद-दुसरं गाणं. मुंबईच्या 'ॲटॉमिक फॉरेस्ट'सारख्या बँडची स्वतःची एलपी येईपर्यंत १९८१ उजाडलं. गुणवत्ता कमी होती असं नाही. साचा महाग होता.

कॅसेट, सीडी, मोबाइल

फिलिप्सने १९६३ मध्ये आणलेल्या कॅसेटमध्ये खाच नाही. आवाज चुंबकीय पट्टीवर साठतो, म्हणून मोठा आवाज जास्त जागा खात नाही आणि सुरुवात-शेवट यांतही फरक पडत नाही. साठ मिनिटांच्या कॅसेटची बाजू तीस मिनिटांची. नक्कल करणं स्वस्त, साच्याची गरज नाही, यंत्र बॅटरीवर चालतं. १९८० च्या दशकात भक्तिगीतं, भीमगीतं, लोकगीतं यांच्या कॅसेट गावोगावच्या जत्रांत विकल्या जाऊ लागल्या. एलपीने ज्यांना दार उघडलं नव्हतं, अशा गायकांची ही पहिली संधी.

१९८२ मध्ये सीडी आली, ७४ मिनिटांची आणि मधे न थांबणारी. जागा वाढली तसे अल्बमही फुगले. साठ-सत्तर मिनिटांचे अल्बम सर्रास येऊ लागले आणि त्यातली चार गाणी भरतीची असल्याची तक्रारही सुरू झाली. मोबाइलवर आता जागेचं बंधनच उरलं नाही, पण नवं बंधन आलं. स्पॉटिफायसारख्या सेवेवर गाणं तीस सेकंद ऐकलं गेलं तरच ते एकदा ऐकलं असं धरलं जातं आणि त्याचे पैसे गायकाकडे जातात. परिणामी लांबलचक वाद्यांची सुरुवात आखूड होत चालली आहे आणि मुखडा लगेच येऊ लागला आहे. पूर्वी कातरी गाण्याच्या शेवटाला लागायची, आता ती सुरुवातीला लागते.

आणि तरीही चाळीस मिनिटांचं माप टिकून आहे, त्याला आज निव्वळ सवयीपलीकडचं एक कारण मिळालं आहे. एलपी परत आली आहे. अमेरिकेत २०२२ मध्ये व्हिनाइलच्या तबकड्या सीडींपेक्षा जास्त खपल्या, १९८७ नंतर पहिल्यांदाच. म्हणजे मोठा गायक नवा अल्बम करतो, तेव्हा तो मोबाइलसाठी असतो तसाच तबकडीसाठीही असतो. पन्नास मिनिटांचा केला तर आवाज दबतो, साठचा केला तर दुसरी तबकडी आणि दुसरा साचा. जालन्यात घरच्या संगणकावर स्वतःची गाणी मुद्रित करणाऱ्या तरुणाला हा हिशेब करायची सक्ती नाही. पण आपली गाणी कोणत्या क्रमाने ठेवायची, कुठे थांबायचं आणि कुठलं गाळायचं, हे प्रश्न त्यालाही सोडवावेच लागतात. एलपीच्या काळात त्यांची निम्मी उत्तरं खाच देत होती. आता ती सगळी त्याची त्यालाच द्यायची आहेत.

चौकट: थोडक्यात

• तबकडीच्या एका बाजूवर एकच लांब, गोल फिरणारी खाच असते. तिची नागमोड म्हणजे आवाज.

• लाखेची तबकडी: मिनिटाला ७८ फेरे, जाड खाच, बाजूला सुमारे ३ मिनिटं. गाण्याचं माप इथे ठरलं.

• एलपी (१९४८): कमी गती × बारीक खाच × मोठी तबकडी = बाजूला सुमारे २२ मिनिटं. अल्बमचं माप इथे ठरलं.

• मोठा आवाज आणि खर्ज जास्त जागा खातात. वेळ वाढवला की आवाज दाबावा लागतो.

• आतल्या कडेला खाचेचा वेग निम्म्याहून कमी होतो, म्हणून शांत गाणं बाजूच्या शेवटाला ठेवण्याची रीत पडली.

• 'गीतरामायण': ५६ गीतं, १० एलपी, २० बाजू, बाजूला सरासरी जेमतेम तीन गीतं.

• साच्याचा खर्च आधी आणि एकरकमी असल्याने कमी श्रोते असलेल्या संगीताला एलपी दुर्मीळ. ते दार कॅसेटने उघडलं.